मँटुआ क्रीकवरचा पूल: घसरलेल्या मालगाडीनंतर नेमकी कशाची सफाई झाली?

30 नोव्हेंबर 2012, शुक्रवार, सकाळचे 6 वाजून 59 मिनिटं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पॉल्सबरो नावाचं एक छोटं गाव आहे. लोकवस्ती सहा हजारांच्या आसपास, समोर डेलावेअर नदी आणि पलीकडच्या तीरावर फिलाडेल्फियाचा विमानतळ. गावाच्या कडेने वाहणारी मँटुआ क्रीक याच नदीला मिळते. या क्रीकवरच्या जुन्या रेल्वेपुलावरून कॉनरेल कंपनीची मालगाडी जात होती. पुढे दोन इंजिनं, मागे 82 वाघिणी. इंजिनं आणि पहिल्या पाच वाघिणी पलीकडे पोचल्या. सहावीपासून बारावीपर्यंतच्या सात वाघिणी रुळावरून घसरल्या आणि त्यांतल्या चार टाकीवाल्या वाघिणी अर्धवट पाण्यात जाऊन पडल्या. तिघींत विनाइल क्लोराइड होतं, चौथीत इथेनॉल. विनाइल क्लोराइडच्या एका टाकीला भोक पडलं आणि सुमारे 20,000 गॅलन, म्हणजे 75,000 लिटरहून जास्त माल बाहेर आला. काही क्षणांत क्रीकवर आणि काठच्या घरांवर पांढरं धुकं पसरलं.

या अपघातात कोणी जागच्या जागी मेलं नाही, त्यामुळे जगाच्या बातम्यांत तो फार दिवस टिकला नाही. तरीही अपघातानंतरची सफाई म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही. कारण खर्चाच्या दोन आकड्यांत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या, म्हणजे एनटीएसबीच्या अहवालानुसार सामग्रीचं नुकसान होतं 4 लाख 51 हजार डॉलर. आपत्कालीन प्रतिसाद आणि सफाईचा खर्च होता सुमारे 3 कोटी डॉलर. मोडलेलं लोखंड एकूण खर्चाच्या दीड टक्का. मग बाकीचे साडेअठ्ठ्याण्णव टक्के कशाच्या सफाईवर गेले?

आधी पूल

हा पूल मुळात 1873 सालचा. नंतर त्यात बरीच दुरुस्ती आणि बदल झाले, पण कामाची पद्धत तीच राहिली. हा फिरता पूल होता. मधला भाग एका खांबावर आडवा फिरायचा आणि बोटींना वाट मोकळी करून द्यायचा. मार्च ते नोव्हेंबर या बोटींच्या हंगामात पूल एरवी उघडाच ठेवायचा आणि गाडी आली की तेवढ्यापुरता बंद करायचा, असा इथला नियम. ज्या दिवशी अपघात झाला तो या हंगामाचा शेवटचा दिवस होता.

फिरत्या पुलावरचे रूळ आणि काठावरचे पक्के रूळ यांच्यामध्ये फट राहणारच. पूल जागेवर आला की दोन्ही टोकांना रुळाचे सरकते तुकडे पुढे येऊन ही फट भरतात. तेच कुलूपही होतं. ते पूर्ण बसले की पूल हलू शकत नाही, अर्धवट बसले तर वरून जाणारं वजन पुलाला फिरवू शकतं. म्हणून यंत्रणा अशी होती की सगळी कुलपं बसल्याची खूण विजेच्या मंडलात मिळाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नसे. इथे पूल चालवायला माणूस नेमलेला नव्हता. इंजिनातल्या रेडिओवरून कळ दाबून गाडीचे कर्मचारीच पुलाला बंद होण्याची आज्ञा देत.

त्या सकाळी आज्ञा दिली, पण सिग्नल लालच राहिला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा लाल. शेवटी गाडीचा कंडक्टर खाली उतरला, पुलावर चालत गेला आणि त्याने कुलपं डोळ्यांनी पाहिली. ती बसली आहेत असं त्याला वाटलं. तसं त्याने कळवलं. नियंत्रकाने लाल सिग्नल ओलांडायची परवानगी दिली. गाडी अगदी संथ निघाली आणि तिच्याच वजनाखाली पूल फिरला.

आपल्याकडे रेल्वेत काम केलेल्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. सिग्नल बिघडला की लाल असताना पुढे जाण्यासाठी टी/369(3बी) हा कागद मिळतो, हे इथल्या प्रत्येक लोको पायलटला पाठ असतं. बिघडलेल्या सिग्नलपाशी गाड्या दिवसभर खोळंबून ठेवता येत नाहीत, म्हणून अशी सोय प्रत्येक रेल्वेला ठेवावीच लागते. पण सिग्नल बिघडला म्हणून लाल आहे, की धोका खरा आहे म्हणून लाल आहे, हे ठरवणारा माणूस त्या यंत्राचा जाणकार हवा. पॉल्सबरोच्या कंडक्टरला या कुलपांच्या तपासणीचं पुरेसं शिक्षणच दिलेलं नव्हतं. एनटीएसबीने हे स्वच्छ लिहिलं. दोष त्या एका माणसाच्या डोळ्यांवर न टाकता त्याला तिथे उभं करणाऱ्या प्रशिक्षण पद्धतीवर टाकला.

त्याहून जड निष्कर्ष पुढे आहे. ऑगस्ट 2009 मध्ये याच पुलावर कोळशाची गाडी घसरली होती. 2012 मध्ये पुलाच्या बिघाडांच्या नोंदी वाढत चालल्या होत्या, आणि 29 ऑक्टोबरला सँडी चक्रीवादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर तर त्या आणखी दाटीने येऊ लागल्या. प्रत्येक तक्रारीला कोणी ना कोणी येऊन तेवढ्यापुरती डागडुजी करून गेलं. सगळ्या तक्रारी एकत्र मांडून ‘या पुलावरून ज्वलनशील वायूच्या वाघिणी न्याव्यात का’ हा प्रश्न विचारण्याची व्यवस्था कंपनीत नव्हती. दक्षिणेकडच्या कारखान्यांची भिस्त याच मार्गावर होती आणि गाड्या थांबवायच्या तर त्याची किंमत लगेच दिसते. न थांबवण्याची किंमत महिन्याभराने दिसली.

धुकं

विनाइल क्लोराइडपासून पीव्हीसी बनतं. आपल्या शेतातले पाइप, घरातल्या वायरींची आवरणं, खिडक्यांच्या चौकटी हे सगळं त्याचंच पुढचं रूप. पाइप निरुपद्रवी आहे, पण ज्यापासून तो होतो तो वायू तसा नाही. हा वायू उणे 13 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो, म्हणून दाबाखाली द्रव करून नेतात. टाकीला भोक पडलं की दाब सुटतो, द्रव उकळू लागतो आणि आसपासची हवा इतकी गार होते की तिच्यातली वाफ थिजून पांढरं धुकं दिसतं. धुकं दिसतं ते पाण्याचं. वायू रंगहीन असतो आणि धुकं विरल्यावरही तो तिथेच असतो.

हवेपेक्षा तो दुपटीहून जड. त्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत, पाण्यालगत सरपटतो, तळघरांत आणि खड्ड्यांत साचतो. हवेत 3.6 ते 33 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीने पेटतो. वास गोडसर, पण माणसाच्या नाकाला तो कळायला हवेत साधारण 3,000 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 3,000 भाग, इतकं प्रमाण लागतं. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा आहे 1 पीपीएम. म्हणजे ‘वास येत नाही, तर ठीक आहे’ या आपल्या उपजत समजुतीवर इथे काडीचाही भरवसा ठेवता येत नाही. ही मर्यादा इतकी कडक का, याचं उत्तर 1974 सालात आहे. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा हा अत्यंत दुर्मिळ कर्करोग झाल्याचं तेव्हा उघड झालं.

थोडं गणित करून पाहू. 75,000 लिटर द्रव म्हणजे जवळपास 70 टन. तो सगळा वायू झाला तर सुमारे 25,000 घनमीटर. तो 1 पीपीएमपर्यंत विरळ व्हायला साधारण 25 घन किलोमीटर हवा लागेल. वारा हे काम करतोच, त्यासाठी कोणाला पगार द्यावा लागत नाही. पण वारा ते करत असताना मधे कोण उभं आहे, हे पाहणं माणसाचं काम आहे. सफाईची सुरुवात तिथून होते. पॉल्सबरोत ती तिथेच चुकली.

पहिले काही तास

क्रीकच्या काठाला घरं अगदी लागून होती. पोलीस आणि गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल लवकर पोचलं. वाघिणीवरच्या लाल पाटीवर 1086 हा आकडा होता. हा विनाइल क्लोराइडचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. अमेरिकेतल्या प्रत्येक आपत्कालीन गाडीत असलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत हा क्रमांक उघडला, तर मोठी गळती असल्यास वाऱ्याच्या दिशेने किमान 800 मीटरपर्यंतची वस्ती हलवण्याचा विचार करा, असं लिहिलेलं सापडतं. सोबत श्वसनयंत्राशिवाय जवळ जाऊ नका, हेही.

प्रत्यक्षात प्रतिसादाचा तळ घटनास्थळाला फार जवळ लावला गेला. बरेच जण मुखवट्याशिवाय वायूच्या टापूत वावरले. रहिवाशांना कधी घर सोडा, कधी दारं-खिडक्या लावून घरातच थांबा, अशा उलटसुलट सूचना मिळाल्या. गाडीत नेमकं काय, कुठल्या वाघिणीत आहे, ही यादी हाताशी येण्यातही वेळ गेला. परिस्थिती आहे त्यापेक्षा सौम्य असल्याचं चित्र सुरुवातीला उभं राहिलं आणि मग पुढे दिवसेंदिवस ते बदलावं लागलं. त्या एका दिवसात 28 रहिवासी वैद्यकीय मदतीसाठी गेले. गाडीचे कर्मचारी आणि मदतीला आलेल्यांपैकी अनेकजणही वायूच्या संपर्कात आले होते. नंतर आरोग्य यंत्रणांनी मदतकार्यातल्या लोकांची पाहणी केली, तेव्हा श्वसनाचं संरक्षण वापरल्याचं पाचातल्या जेमतेम एकाने सांगितलं.

गावातल्या स्वयंसेवकांना यासाठी नावं ठेवणं मला पटत नाही. सकाळी सातला अंथरुणातून उठून शेजाऱ्याच्या मदतीला धावणारी ही माणसं. पण एनटीएसबीने या मुद्द्यावर भीड ठेवली नाही. अपघाताचे परिणाम वाढायला कारण म्हणून घटनास्थळाच्या प्रमुखाने धोकादायक रसायनांसाठी ठरलेली पद्धत अमलात आणली नाही, असं निष्कर्षातच लिहिलं. मला ते योग्य वाटतं. धाडसाचं कौतुक करून मोकळं झालं की पुढच्या गावातले स्वयंसेवक तसेच उघड्या तोंडाने धावणार.

इथे एक नुकसान असं झालं की जे नंतर कितीही पैसे ओतून भरून येत नाही. पहिल्या तासांत हवा पुरेशी आणि नीट मोजली गेली नाही. नळी लावून माल उपसता येतो, क्रेनने वाघीण उचलता येते, पण सकाळी सातला क्रीककाठच्या स्वयंपाकघरात किती पीपीएम होतं, हे दुपारी जाऊन मोजता येत नाही. पुढची सगळी वर्षं ते फक्त अंदाजाने काढावं लागतं.

उपसणं, उचलणं, कापणं

क्रीक हा नौकानयनाचा जलमार्ग, म्हणून संयुक्त कमांडची सूत्रं अमेरिकी तटरक्षक दलाकडे आली. पर्यावरण संरक्षणाच्या केंद्रीय आणि राज्य यंत्रणा, गाव, कंपनी आणि तिचे ठेकेदार असे सगळे एका टेबलाशी. इतक्या जणांना एकत्र बसवणं हेही सफाईचंच काम, आणि ते दिसतं तितकं सोपं नसतं. रेल्वेला मार्ग लवकर हवा असतो, आरोग्य खात्याला मोजमाप हवं असतं, तपास यंत्रणेला पुरावा जसा आहे तसा हवा असतो. पुलाची कुलपं, रुळांचे तुकडे, फाटलेला टाकीचा पत्रा हे सगळं सफाईवाल्यांसाठी अडगळ आणि तपासणाऱ्यांसाठी साक्षीदार.

आपल्याकडे गाडी घसरली की अपघात मदत गाडी निघते, 140 टनी क्रेन रुळावरूनच पुढे सरकते आणि डबे बाजूला करते. इथे ती वाटच बंद होती. ज्यावरून क्रेन यायची तो पूलच मोडका, खाली भरती-ओहोटीचं पाणी आणि दोन्ही बाजूंना घरं. म्हणून मोठ्या क्रेन बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींवर चढवून पाण्यातून आणाव्या लागल्या. पण क्रेन आली म्हणजे उचललं, असंही नाही. क्रम उलटा करता येत नाही. आधी हवा मोजा, मग टाक्या रिकाम्या करा, रिकाम्या टाकीतला वायू निष्क्रिय वायूने बाहेर ढकला, पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच दोर लावा. भरलेली किंवा अर्धी भरलेली, तडा गेलेली टाकी उचलताना निसटली तर पहिल्यापेक्षा मोठा अपघात होतो. कापायची वेळ आली तर ठिणगीचा प्रश्न आहेच.

सगळ्यात त्रास दिला फुटलेल्या टाकीने. दाब गेल्यावर द्रव उकळतो आणि उकळताना स्वतःलाच गार करतो. गार झाला की उकळणं मंदावतं. त्यामुळे पहिल्या लोटानंतर गळती संपल्यासारखी वाटते आणि तळाशी राहिलेला माल पुढे दिवसेंदिवस थोडा थोडा वायू सोडत राहतो. ऊन पडलं, पाणी चढलं, कोणी टाकी हलवली की प्रमाण वर जातं. पॉल्सबरोत नेमकं हेच लोकांच्या अनुभवाला आलं. मोजमाप वर गेलं की आणखी काही गल्ल्या रिकाम्या केल्या जात. ‘धोका टळला’ असं वाटत असतानाच बॅग भरायला सांगणारा माणूस दारात उभा. घर सोडून हॉटेलात राहिलेली कुटुंबं, बंद शाळा, आणि रोज बदलणारे आकडे. 3 कोटी डॉलरचा मोठा वाटा या अशा दिवसांचा आहे.

एका बाबतीत गाव सुदैवी ठरलं. विनाइल क्लोराइड पाण्यात फारसं विरघळत नाही, झटकन हवेत निघून जातं आणि माशांच्या शरीरात साठून राहत नाही. क्रीकचा तळ वर्षानुवर्षं खरवडावा लागला नाही.

माल बदलला की सफाई बदलते

वाघिणीत काय भरलं आहे यावर सगळं कसं अवलंबून असतं, हे पाहायला आणखी तीन ठिकाणं शेजारी ठेवू.

14 जुलै 1991 च्या रात्री कॅलिफोर्नियात डन्सम्युअर गावाजवळ कँटारा वळणावरच्या पुलावरून सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या गाडीची एक टाकी सॅक्रामेंटो नदीत पडली. तिच्यात सुमारे 19,000 गॅलन मेटॅम सोडियम होतं, जमीन निर्जंतुक करणारं कीडनाशक. पॉल्सबरोत सांडलं जवळपास तेवढंच. पण हा माल पाण्यात मिसळला, पाण्याबरोबर वाहिला आणि शास्ता तलावापर्यंतच्या सुमारे 60 किलोमीटरच्या पात्रात माशांपासून किड्यांपर्यंत जवळपास सगळं मेलं. मेलेल्या माशांचा अंदाज दहा लाखांच्या वर गेला. नदीत उतरून उचलण्यासारखं काहीच नव्हतं. तलावात पोचलेल्या विषारी पाण्यात नळ्यांनी हवा सोडून ते विरवण्याचा प्रयत्न झाला, एवढाच काय तो हस्तक्षेप. बाकी सगळी सफाई म्हणजे मासेमारी बंद ठेवून वर्षानुवर्षं वाट पाहणं आणि काय परत येतंय याची मोजदाद करणं. त्या काळी मेटॅम सोडियम वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या यादीत नव्हतं.

5 ऑगस्ट 2005 रोजी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चीकॅमस नदीत असाच कॉस्टिक सोडा सांडला, सुमारे 40,000 लिटर. काही तासांत लाट वाहून गेली आणि मागे पाच लाखांच्या आसपास मेलेले मासे उरले. सफाईची यंत्रं पोचेपर्यंत साफ करायला काही शिल्लकच नव्हतं.

आणि 24 जून 2023 रोजी माँटानामध्ये यलोस्टोन नदीवरचा पूल कोसळला, दहा वाघिणी पाण्यात गेल्या आणि डांबर सांडलं. थंड पाण्यात ते घट्ट झालं, गोळे होऊन काठाकाठाने, बेटांवर, झुडपांत दूरवर अडकलं. तिथे सफाई म्हणजे शब्दशः वेचणी होती. बोटीतून जायचं, उन्हाने मऊ झालेलं डांबर खरवडायचं, पिशवीत भरायचं. सांडलेल्यापैकी बरंचसं कधीच हाती आलं नाही.

चारही ठिकाणी वाघिणी बाहेर काढायचं तंत्र थोड्याफार फरकाने एकच. पण एका ठिकाणी हवा सांभाळायची होती, दुसऱ्या ठिकाणी नदीला वेळ द्यायचा होता, तिसऱ्या ठिकाणी फक्त मोजणं हाती होतं आणि चौथ्या ठिकाणी हातांनी वेचायचं होतं. म्हणून अपघातस्थळी पहिली गरज क्रेनची नसते. वाघिणींच्या यादीची असते.

यादीचा पाठपुरावा

एनटीएसबीने आपला अहवाल 2014 मध्ये मंजूर केला. लाल सिग्नल ओलांडण्यापूर्वी फिरत्या पुलाची तपासणी कोणी करावी, कंपनीने धोक्यांची एकत्रित नोंद कशी ठेवावी, स्वयंसेवी दलांना रासायनिक अपघाताचं शिक्षण कसं मिळावं, हे सगळे मुद्दे त्यात आहेत. कॉनरेलने फिरता पूल काढून त्या जागी सरळ वर उचलला जाणारा नवा पूल बांधला. फिरत्या पुलाचा मूळ दोष असा की कुलूप सुटलं तर आडव्या जोराला रोखणारं काही नाही. उभ्या पुलात स्वतःचं वजनच त्याला जागेवर बसवतं. बांधणीच्या दृष्टीने हा बदल नेमक्या दुखण्यावर होता.

यादीचा प्रश्न मात्र रेंगाळला. धोकादायक मालाच्या गाडीत काय, कुठे आहे ही माहिती आपत्कालीन दलांना तिथल्या तिथे मिळावी, अशी तरतूद अमेरिकी संसदेने 2015 च्या कायद्यात केली. तिचे नियम बनायला वर्षं गेली. दरम्यान 3 फेब्रुवारी 2023 रोजी ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावी गाडी घसरली. तिच्या पाच वाघिणींत पुन्हा विनाइल क्लोराइडच होतं. तिथे गळतीची वाटही पाहिली नाही. टाक्यांमध्ये स्फोटक साखळी प्रक्रिया सुरू झाल्याच्या भीतीने 6 फेब्रुवारीला माल मुद्दाम बाहेर सोडून पेटवून दिला आणि काळा लोट गावावर चढला. त्याची गरज नव्हती, हे एनटीएसबीने 2024 मध्ये सांगितलं. टाक्यांचं तापमान उतरत चाललं होतं आणि रसायन बनवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांचं मत निर्णय घेणाऱ्यांपर्यंत नीट पोचलंच नव्हतं. पॉल्सबरोत माहिती उशिरा पोचली म्हणून माणसं वायूत उभी राहिली. ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये ती पोचली नाही म्हणून वायू जाळला गेला. वाघिणींची यादी घटनास्थळी ताबडतोब पोचवण्याचा अमेरिकी नियम शेवटी जून 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, पॉल्सबरोच्या त्या सकाळनंतर साडेअकरा वर्षांनी.

क्रीककाठच्या लोकांपुढे यापलीकडचा प्रश्न आहे. विनाइल क्लोराइडमुळे होणारा यकृताचा कर्करोग कारखान्यातल्या कामगारांमध्ये संपर्कानंतर दशकांनी दिसला होता. तिथला संपर्क वर्षानुवर्षांचा होता, इथला काही तासांचा किंवा दिवसांचा, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना होत नाही आणि घबराट पसरवण्यात अर्थ नाही. पण एखाद्या रहिवाशाने डॉक्टरला ‘मला त्या दिवशी किती लागलं?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला त्या सकाळच्या हवेची मोजणी लागते. ती कोणाकडे नाही.